पावणेदोनचं वादळ

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी घर हलतं, तेव्हा सामानाची यादी करताना बायको एका काळ्या ट्रंकेपाशी येऊन थांबते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात माझं नाव आहे आणि आत माझा कचरा. हा शब्द तिचा. जुने मदरबोर्ड, पाच-सहा प्रकारच्या केबली, एक सोल्डरिंग गन, बंद पडलेली हार्ड डिस्क. ही डिस्क मी टाकत नाही, कारण ती लेहला गेली होती. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. म्हणून साधारण 3,000 मीटरपर्यंतच ती चालवावी असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लेह साडेतीन हजारांवर. मी माहितीपत्रक वाचलं ते डिस्क गेल्यावर. खडकवासल्याला तीन वर्षं 'आधी सूचना वाचा' हे ऐकून घेतलेल्या माणसाची ही गत.

पण आजची गोष्ट चेन्नईची, 2016 सालची. सरकारी क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून आम्ही नुंगंबाक्कमला, कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालक खालच्या मजल्यावर. सगळे त्यांना मामा म्हणत. तमिळमध्येही मामा म्हणजे मामाच, त्यामुळे माझ्या लेकीला पहिल्याच दिवशी एक नातं फुकट मिळालं.

कॉलेज रोडवर हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. चेन्नईचं तापमान सांगताना 'नुंगंबाक्कम' आणि 'मीनंबाक्कम' असे दोन आकडे देतात, त्यातला पहिला तिथला. त्याच आवारात ईस्ट इंडिया कंपनीने 1792 साली वेधशाळा बांधली होती. नॉर्मन पॉगसन याने 1861 साली 'एशिया' हा लघुग्रह इथूनच शोधला. एकेकाळी देशभरच्या आगगाड्या ज्या मद्रास वेळेवर धावत, ती वेळही इथलीच. ग्रिनिचच्या पुढे 5 तास 21 मिनिटं. एवढा शेजार लाभल्यावर माझ्यासारख्याने गप्प कसं बसायचं? मी ठरवलं, घरी हवामान केंद्र करायचं आणि रोज सकाळी साडेआठचा आपला आकडा शेजाऱ्यांच्या आकड्याशी ताडून पाहायचा.

माउंट रोडला लागून रिची स्ट्रीट आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. रास्पबेरी पाय 3 माझ्याकडे होताच. तळहातावर मावणारा, वायफाय असलेला पूर्ण संगणक. हवेचा दाब मोजणारा सेन्सर, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि बोटभर पडदा एवढंच घ्यायचं होतं. पण नोव्हेंबरचा मध्य होता. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द होऊन आठवडा झाला होता आणि माझ्याकडे होती दोन हजाराची एक कोरी नोट. दुकानदाराने ती उलटसुलट पाहिली, परत दिली आणि म्हणाला, "नेक्स्ट टाइम, सार." ना नाव विचारलं, ना नंबर. पुढच्या खेपेला पैसे दिले, तेव्हा तो विसरूनही गेला होता.

पहिल्या आठवड्यात आमच्या घरचं तापमान शेजाऱ्यांपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त. सेन्सर मी रास्पबेरीच्याच डबीत बसवला होता, म्हणजे मी संगणकाचा ताप मोजत होतो. मग लेकीने युक्ती काढली. कुंड्यांखाली ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या ताटल्या पांढऱ्या रंगवून, मध्ये फटी ठेवून एकावर एक रचल्या आणि सेन्सर आत टांगला. आकडा अर्ध्या अंशावर आला. त्यानंतर दुपारी समुद्रावरचं वारं शिरलं की तापमान खाली येताना आणि आर्द्रता वर जाताना आलेखात दिसायची. ती तेव्हा सहावीत होती. दाब उतरला तर हवा बिघडणार, चढला तर सुधारणार, हे मी तिला शिकवलं. एका वाक्यात. तिथेच चूक झाली.

12 डिसेंबरला वरदा चक्रीवादळ आलं. मी सकाळी सातला ड्यूटीवर निघालो. वारा उत्तरेकडून होता. आमची मोठी खिडकी उत्तरेला, बाल्कनीची खोली दक्षिणेला. निघताना मी सांगितलं, "उत्तरेच्या खोल्या बंद ठेवा आणि बाल्कनीच्या खोलीत बसा." वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, एवढा साधा हिशोब. अकराच्या आत वीज गेली. दुपारी फोनही गेले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. शेवटचा अर्धा किलोमीटर पडलेल्या झाडांवरून चालत. बाल्कनीच्या खोलीत काचांचा खच होता. लेक आणि तिची आई मामांच्या घरी इडली खात होत्या.

झालं काय, ते मला आधी रास्पबेरीच्या नोंदींतून कळलं नाही. नोंदी तर वेड्यासारख्या होत्या. 10:17 ते 10:50 एवढी मिनिटं दोनदा आलेली आणि दोन्ही वेळचे आकडे वेगळे. दाबाचा तळ दिसत होता दुपारी 1:47 ला. पण तेव्हा वादळ अजून समुद्रावर होतं. मला वाटलं सेन्सर गेला.

सेन्सर ठीक होता. रास्पबेरी पाय 3 ला स्वतःचं घड्याळ नसतं. आपल्या घरच्या संगणकात बटणासारखी एक बॅटरी असते, ती वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवते. इथे स्वस्ताईसाठी ती नाही. सुरू झाल्यावर हा इंटरनेटला वेळ विचारतो. इंटरनेट नसलं तर शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजत बसतो. वीज गेल्यावर लेकीने पॉवर बँक शोधून काढली आणि रास्पबेरी पुन्हा सुरू केला. इंटरनेट नव्हतं. त्याने 10:17 पासून बिनधास्त मोजायला सुरुवात केली. किती वेळ चुकला हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

मार्ग लेकीच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर होता. पडद्यावरचा आकडा आणि मनगटी घड्याळाची वेळ ती लिहीत बसली होती. 'पॉवर बँक लावली, 12:20.' म्हणजे फरक दोन तास तीन मिनिटं. तेवढं सगळ्या नोंदींत मिळवलं आणि आलेख वहीशी जुळला. सकाळी हजाराच्या आसपास असलेला दाब 980 च्या जवळ गेला, तो 3:50 ला. त्याखाली वहीत लिहिलं होतं:

'4:02. दाब वाढतोय.
4:05. वारा थांबला. वादळ गेलं!!
4:10. बाल्कनीचं दार उघडलं. समोरचं मोठं झाड पडलंय.
4:15. मामा ओरडतायत.'

यापुढे काही नाही.

दाब तळाला जाऊन वर वळला आणि वारा पडला, याचा अर्थ वादळ गेलं असा नाही. त्याचा मधला भाग डोक्यावर आलाय, असा आहे. दुसरा अर्धा यायचा असतो आणि त्याचा वारा उलट्या दिशेने येतो. आमच्या घरापुरतं बोलायचं तर दक्षिणेकडून. हे मला पुस्तकी माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. मामांनी पूर्वीची वादळं याच गल्लीत पाहिली होती. वारा थांबताच ते छत्री न घेता जिना चढून वर आले. तमिळमध्ये आणि इंग्रजीत एकदम ओरडत त्यांनी दोघींना खाली नेलं. "हाफ ओन्ली फिनिश्ड!" एवढंच बायकोला समजलं. साडेचारनंतर बाल्कनीचं सरकतं काचेचं दार चौकटीसकट आत आलं. ते पडलं तिथे मी सांगितलेली सतरंजी होती.

दरम्यान रास्पबेरी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात नेकीने मोजत होता. त्याच्या नोंदीत तेव्हा अडीचदेखील वाजले नव्हते.

वीज यायला आम्हाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी रिची स्ट्रीटला गेलो आणि बॅटरीवर चालणारं घड्याळाचं छोटं मॉड्यूल घेतलं, डीएस 3231. वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकतं. नोट या वेळी शंभराच्या होत्या. परत आल्यावर ते जोडताना लेक शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "बाबा, तू आम्हाला त्या खोलीत का बसायला सांगितलंस?"

मी कागद घेतला आणि एक वर्तुळ काढलं. वाऱ्याचे बाण घड्याळाच्या उलट दिशेने, मध्ये डोळा, आणि आमचं घर म्हणून एक टिंब. कागद हळूहळू सरकवला. टिंबावरचा बाण उत्तरेकडून आला, नाहीसा झाला, दक्षिणेकडून आला. तिने तीनदा सरकवून पाहिला आणि म्हणाली, "हे आधी दाखवायचं ना."

"हो," मी म्हणालो.

वही आता त्या काळ्या ट्रंकेत आहे, लेहच्या हार्ड डिस्कशेजारी. मागच्या बदलीच्या वेळी बायकोने ट्रंक उघडली, वही पाहिली आणि काही न बोलता यादीत लिहिलं: ट्रंक, काळी, एक.