लॉकशिवाय मराठी उमटेना

मराठी टायपिंगचं जे सॉफ्टवेअर मी पैसे मोजून, पक्क्या बिलावर घेतलं, त्याने मला जेवढं छळलं तेवढं फुकटच्या कुठल्याही प्रोग्रॅमने छळलं नाही.

पनवेलजवळच्या जासईत आमचं डीटीपीचं दुकान आहे. मागे घर, पुढे दुकान. कामं सगळी मराठीतली: लग्नपत्रिका, हळदीची निमंत्रणं, क्रिकेटच्या सामन्यांची हँडबिलं, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं, जमीन गेलेल्यांचे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठीचे अर्ज. जानेवारीत त्यात भर पडते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला इथल्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण गेले. त्यांच्या स्मृतिदिनाचे फलक आणि पत्रिका दरवर्षी निघतात. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील तर याच गावचे, त्यांचं नाव टाइप करायला बोटांना आता डोळे लागत नाहीत. नेमकी त्याच सुमाराला लग्नसराईही असते.

सॉफ्टवेअरच्या सीडीबरोबर एक लॉक आला होता. इंग्रजीत डोंगल म्हणतात, पण आमच्या धंद्यात सगळे लॉकच म्हणतात. काडेपेटीएवढा, पंचवीस पिनांचा. संगणकामागे प्रिंटरची केबल जिथे लागते तिथे तो खुपसायचा आणि केबल त्याच्या पाठीला लावायची. प्रोग्रॅम सुरू होताना आधी लॉक शोधतो. सापडला तरच उघडतो. काम चालू असतानाही अधूनमधून खात्री करून घेतो की लॉक जागेवर आहे ना. केबलला जरा धक्का लागला, की पडद्यावर चौकट येते, लॉक सापडत नाही म्हणून, आणि प्रोग्रॅम बंद. सेव्ह न केलेलं मॅटर गेलं. काही वेळा प्रिंटर बंद असला तर लॉकही ओळखला जायचा नाही, म्हणून छापायचं काही नसतानाही मी प्रिंटर चालू ठेवायचे.

हे सगळं चोरी थांबवण्यासाठी, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. चोरी थांबली का? त्याच सॉफ्टवेअरची लॉक काढून टाकलेली प्रत सीडीवर मिळायची, आणि ती वापरणाऱ्यांच्या पडद्यावर ती चौकट कधी येत नसे. केबल ढकला, प्रिंटर बंद करा, त्यांचं काम अखंड चालू. पहारा माझ्या एकटीवर होता, कारण पैसे भरणारी मी होते.

आमच्याकडच्या लग्नपत्रिका म्हणजे नावांच्या याद्या. निमंत्रक, मामा, काका, आत्या, मावश्या, शिवाय बच्चेकंपनी. एक नाव राहिलं तर पाहुणा मांडवात येऊन बोलून दाखवतो. म्हणून मी जुन्या पत्रिकांचं मॅटर जपून ठेवते. थोरल्याचं लग्न झालं की काही वर्षांनी तेच घर धाकट्याची पत्रिका घेऊन येतं. नव्वद टक्के नावं तीच, वरवधू, तारीख आणि मांडवाचा पत्ता बदलला की झालं.

जुना संगणक बंद पडला आणि नवा घेतला तेव्हा याच मॅटरने अडवलं. नव्या संगणकाला पंचवीस पिनांचं पोर्टच नव्हतं. बाजारात यूएसबीला जोडायची केबल मिळते ती आणली. तिच्यावर प्रिंटर चालला, लॉक ओळखला गेला नाही. लॉक नाही म्हणून सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईना. जुन्या हार्डडिस्कवरून फॉन्ट हाताने उचलून टाकले, तेव्हा कुठे मॅटर मराठीत दिसलं. दिसलं, पण टाइप करणारा प्रोग्रॅम बंद, त्यामुळे एक काना बदलता येईना. ते फॉन्ट जुन्या पद्धतीचे. आतून ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की आख्खं खानदान स्लॅश आणि कंसांमध्ये जातं. ते मॅटर कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या युनिकोडमध्ये करून देणारा कन्व्हर्टरही त्याच सॉफ्टवेअरच्या पोटात, म्हणजे पुन्हा लॉकच्या पलीकडे.

इथे माझा राग सॉफ्टवेअरवरून पुढे सरकला. प्रोग्रॅम कंपनीचा, मान्य. पण त्यात टाइप केलेली नावं माझ्या गिऱ्हाइकांची, मेहनत माझी. त्यावर कुलूप लावायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

पनवेलच्या विक्रेत्याकडे गेले. जासईहून निघालं की गव्हाण फाट्याला कंटेनरच्या रांगेत अर्धा जीव जातो. विक्रेत्याकडून उत्तर मिळालं, की जुना लॉक परत करा, यूएसबीचा घ्या, मात्र नव्या आवृत्तीचे पैसे भरा. इकडे गिऱ्हाईक दुकानात बसून: ‘लगीन तोंडावर आलाय, पत्रिका कवा वाटू?’ भरले पैसे.

यूएसबीचा लॉक बरा चालला, तोही विंडोज १० येईपर्यंत. मग एका अपडेटनंतर त्याचा ड्रायव्हर विंडोजने नाकारला. असे लॉक विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवतात आणि मायक्रोसॉफ्टने अशा ड्रायव्हरच्या सहीचे नियम वरचेवर कडक केले. त्यात चूक काहीच नाही. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी काय केलं होतं ते आठवा: सीडी संगणकात घातली की कॉपी रोखणारा प्रोग्रॅम गुपचूप आत शिरायचा आणि स्वतःच्या फाइली विंडोजपासून लपवायचा. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला तो उघड केला. पुढे त्याच आडोशाला व्हायरस दडू लागले आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. तिथेही फटका बसला तो दुकानातून सीडी विकत घेणाऱ्यांनाच.

यूएसबीला काही लावण्याविरुद्ध माझं काही नाही. इथल्या कस्टम एजंटांच्या ऑफिसांत डिजिटल सहीची टोकनं लावतात; ती लावणाऱ्याची स्वतःची ओळख असते, त्याच्याच रक्षणासाठी. माझा लॉक माझ्यावर लक्ष ठेवायला होता आणि त्याची किंमतही मीच दिली होती.

कायदाही गमतीचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं, की संगणक प्रोग्रॅमची रीतसर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून जादा प्रत करून ठेवली तर तो कॉपीराइटचा भंग नाही. सीडीची प्रत मी करूनही ठेवली होती. पण लॉकची प्रत कशी करणार? तो हरवला तर विम्याचे पैसे मिळतील, सॉफ्टवेअर पुन्हा विकतच घ्या, असं मला तोंडावर सांगण्यात आलं. आणि लॉक तोडायचा म्हटलं तर २०१२च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५अ आहेच, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचं. त्यालाही अपवाद आहेत म्हणे, पण ते सिद्ध करायला डीटीपीवालीने वकील लावायचा का?

मी शेवटी विंडोजमधल्याच मराठी कीबोर्डवर आले. टाइपरायटरची सवय मोडून त्याची इनस्क्रिप्ट मांडणी शिकणं जड गेलं. आठवडेच्या आठवडे ‘श्री’सुद्धा धड येईना. आता पत्रिका मुक्तासारख्या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये करते. सजावटीच्या मोठ्या अक्षरांसाठी जुने फॉन्ट अजूनही सरस वाटतात, हे मान्य करायला हवं. पण मॅटर माझं राहतं, कुठल्याही संगणकावर उघडतं आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं तर तो चुकलेलं नाव स्वतःच दुरुस्त करून परत पाठवतो.

धंद्यातल्या ज्यांचा लॉक अजून चालतो आहे त्यांना एवढंच सांगणं, की तो चालतोय तोवर जुनं सगळं मॅटर युनिकोडमध्ये काढून घ्या आणि सोबत पीडीएफही ठेवा. लग्नसराई संपली की पहिलं काम हेच करा.