मागच्या भिंतीवरचा वर्ग

अहो, मागच्या भिंतीवर मुलं बसली होती! समोर बाकांवर चाळीसेक जण आणि त्यांच्या पाठीमागे भल्यामोठ्या पडद्यावर आणखी वीसेक चेहरे. कोणी व्हाइटफील्डच्या कचेरीतल्या रिकाम्या मीटिंग रूममधून, कोणी धारवाडच्या घरातून, तर एक मुलगी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून विजयनगरहून. दक्षिण बेंगळुरूतल्या एका महाविद्यालयात संध्याकाळी नोकरदारांसाठी संख्याशास्त्राचा वर्ग भरतो. मीही हाच विषय शिकवतो, म्हणून तिथल्या मॅडमनी मला मागे बसून पाहायला बोलावलं. पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय!

एकाच वेळी समोरच्यांना आणि घरी बसलेल्यांना शिकवायचं, ही गोष्ट आपल्याला तशी नवी नाही. कर्नाटकातली महाविद्यालयं १७ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली, तेव्हा वर्गात यायचं की घरूनच शिकायचं हे विद्यार्थ्यांवर सोडलेलं होतं. त्या काळातला नमुना सगळ्यांनी भोगलाय. टेबलावर एक लॅपटॉप, त्याला दिसते ती फळ्याकडे वळलेल्या मास्तरांची पाठ, आणि दर पाच मिनिटांनी घरून आरोळी, ‘सर, केळिस्ता इल्ला!’ ऐकूच येत नाही! घरचा विद्यार्थी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिल्यासारखा. इथे मात्र तो चक्क आत होता.

मॅडमनी सांगितलं, ‘प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवा आणि किती छापे आले ते सामायिक तक्त्यात भरा.’ वर्गात नाणी खणखणली, पडद्यावरही हात हवेत उडाले. फळ्याच्या जागी असलेल्या स्पर्शपटलावर स्तंभ एकेक करून वर चढू लागले. पाच छाप्यांचा स्तंभ सगळ्यांत उंच, दोन्ही बाजूंना उतार. दहा फेकींच्या १०२४ शक्यतांपैकी २५२ मध्ये नेमके पाच छापे येतात, म्हणजे साधारण चारातल्या एकाला पाच. साठ जणांत पंधराच्या आसपास. तसंच झालं! त्या स्तंभांत बाकावरचा आकडा कुठला आणि व्हाइटफील्डचा कुठला, सांगून दाखवा बरं!

आणि मग धारवाडचा मुलगा बोलला. ‘मॅम, मला नऊ छापे आलेत. माझं नाणं खोटं आहे का?’ आवाज वर्गभर स्वच्छ, जणू तो दुसऱ्या बाकावरच बसलाय. मॅडम गप्प. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मागे वळली आणि त्या पडद्याकडे बघत थेट त्यालाच म्हणाली, ‘तू एकट्यानेच नाणं उडवलं असतंस तर नऊ किंवा दहा छापे शंभरात एखाद्या वेळी आले असते. पण आपण साठ जण आहोत. साठांत कुणा ना कुणाला असं होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे.’ यावर व्हाइटफील्डवाल्याने हरकत घेतली, ‘मग खोटं नाणं ओळखायचं तरी कसं?’ वाद पेटला! भिंतीवरून बाकाकडे, बाकाकडून भिंतीकडे. मॅडम बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो!

तास संपताच मी छताकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे पांढरं चौकोनी काय आहे?’ तो माईक होता. एक नव्हे, अनेक छोट्या माईकांचा संच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद लागतो. तिसऱ्या रांगेतला आवाज प्रत्येक माईकपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतो. त्या फरकावरून यंत्र दिशा काढतं, त्या दिशेचा आवाज उचलतं आणि पंख्याची घरघर मागे ढकलतं. दुसरी करामत याहून न्यारी. धारवाडचा आवाज वर्गातल्या स्पीकरमधून येतो, तो छतावरचा माईक पुन्हा पकडणारच. तसाच परत गेला तर त्या बिचाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल. पण स्पीकरला काय पाठवलं हे यंत्राला ठाऊक असतं. माईकमध्ये आलेल्या आवाजातून ते तेवढा भाग वजा करतं. वजाबाकी! इतकी साधी, इतकी देखणी!

आणि मागच्या भिंतीवरच्या पडद्याखाली कॅमेरा. मॅडम त्या चेहऱ्यांकडे बघतात, तेव्हा आपोआप कॅमेऱ्यातच बघतात. घरच्याला वाटतं, त्या माझ्याशीच बोलताहेत. आणि ते खरंच असतं!

घरी आलो आणि रात्री दुरून शिकवण्याच्या जुन्या प्रयोगांबद्दल वाचत बसलो. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या इस्रोने २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट सोडला, केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह. या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ होतं आणि आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही! त्याआधी १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगातून देशातल्या २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली होती, त्यांत कर्नाटकातली खेडीही होती. शब्द पाठवण्याची वाट आपण तेव्हाच बांधली होती. अडचण होती ती परतीच्या वाटेची. ‘साइट’मध्ये खेड्यांनी फक्त बघायचं होतं. एज्युसॅटची काही केंद्रं उलट बोलू शकत, काही नुसतीच ऐकत. शिवाय उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. प्रश्नोत्तरं चालतील, पण एकमेकांचं वाक्य तोडत घातलेला वाद कसा रंगणार? आज प्रकाशतंतूतून बेंगळुरूहून धारवाडला संदेश काही मिलिसेकंदांत जातो. ॲपचा उशीर धरला, तरी भांडता येतं. आणि वर्गात भांडता आलं पाहिजे!

मॅडमच्या वर्गातल्या या पद्धतीला हायफ्लेक्स म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रायन बीटी यांनी २००६ मध्ये ती रूढ केली. आज वर्गात यायचं की घरून, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. संध्याकाळी सहाला व्हाइटफील्डहून निघून सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको!

हे सगळं फुकट मिळत नाही. छतावरच्या माईकसह पूर्ण वर्ग सजवायचा तर खर्च लाखांच्या घरात जातो. खरा भार पडतो शिकवणाऱ्यावर, कारण दोन पंगती आणि वाढपी एकच. मॅडमनी त्यावर तोड काढली आहे. रोज एक विद्यार्थी चॅटकडे लक्ष ठेवतो आणि घरच्यांचा हात वर झाला की मोठ्याने सांगतो. प्रश्न विचारताना त्या आधी भिंतीला विचारतात, मग बाकांना. प्रत्येक गटचर्चेत दोन्हीकडचे मिसळतात. बाकावरचा कानात इअरफोन घालतो आणि भिंतीवरच्याशी जोडी जमवतो. ही शिस्त नसेल, तर महागडी यंत्रंही त्या खिडकीबाहेरच्याला आत आणणार नाहीत.

म्हणून शिकवणाऱ्या सगळ्यांना, क्लास चालवणाऱ्यांना आणि मराठी मंडळात मुलांना मराठी शिकवणाऱ्या ताई-दादांना कळकळीने सांगतो, लाखांची वाट बघू नका. एक लॅपटॉप, तिपाईवर एक मोबाइल, कॉलरला एक माईक आणि घरच्यांचा आवाज वर्गभर पोचवणारा एक स्पीकर, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र वर्गात माईक आणि स्पीकर एकाच उपकरणावर चालू ठेवा, बाकी सगळे बंद. नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होईल. बाकावरचा विद्यार्थी बोलला की त्याचं म्हणणं कॉलरच्या माईकमध्ये पुन्हा सांगा. घरच्यांचे चेहरे तुम्हाला समोर दिसतील अशा जागी ठेवा. आणि पैसे थोडेच असतील, तर चित्राआधी आवाजावर खर्च करा. धूसर चित्रावर वर्ग चालतो, तुटक्या आवाजावर चालत नाही.