पहिली लिव्हअबोर्ड निवडताना : विचारायचे ते आधीच विचारा

गेल्या सहा महिन्यांत आम्हा दोघांमध्ये जेवढे वाद झाले, तेवढे लग्नानंतरच्या सात वर्षांत झाले नव्हते. वादाचा विषय घर नव्हता, मूल नव्हते, सासर-माहेर नव्हते. विषय होता एका नावेवरचे चार दिवस आणि चार रात्री. समुद्राखाली डाइव्ह करायला शिकलेली माणसे पुढे कधीतरी 'लिव्हअबोर्ड'चे स्वप्न पाहू लागतात. म्हणजे नावेवरच राहायचे, खायचे, झोपायचे, आणि किनाऱ्यापासून दूरच्या प्रवाळांवर दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे. आम्हालाही ते स्वप्न पडले. ते कोणत्या समुद्रात आणि कोणत्या नावेवर पुरे करायचे, यावर आम्ही भांडलो, वाचले, लोकांना विचारले, एकदा फसता फसता वाचलो. त्याचा हा हिशोब.

आधी आमची लायकी सांगतो, कारण निवडीची सुरुवात तिथूनच होते. आमच्यातल्या एकीच्या नावावर 19 डाइव्ह आहेत, दुसऱ्याच्या नावावर 14. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला तो तारकर्लीला, एका प्रशिक्षण शिबिरानंतरच्या सुट्टीत. त्यानंतर स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, ओपन वॉटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे नेत्राणीला दोनदा गेलो. ओपन वॉटरवाल्याला 18 मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. त्याखाली, 30 मीटरपर्यंत जायचे तर अॅडव्हान्स्ड हा पुढचा टप्पा करावा लागतो. तो आमचा झालेला नाही.

पोहायलाच आम्ही तिशीच्या उंबरठ्यावर शिकलो, महापालिकेच्या तलावात, दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहून. आमच्या वडिलांच्या गावात पोरे कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. ती विहीर आमच्या वडिलांची नव्हती. त्यांनी पोहणे काठावरून, तेही लांबच्या काठावरून पाहिले. एका मित्राने सुचवले, की लेखाचे शीर्षकच 'चवदार तळे ते अंदमान समुद्र' असे द्या. आम्ही नाही म्हणालो. 1927 चा महाडचा सत्याग्रह माणूस म्हणून पाण्यावर असलेल्या हक्कासाठी होता. आम्ही करतो ती हौस आहे. हौसेला हौसच म्हणावे, तिच्या अंगावर इतिहासाची शाल घालू नये.

चळवळीतले एक ज्येष्ठ काका मात्र वेगळ्या बाजूने बोलले. "एवढ्या पैशात अभ्यासिकेला किती पुस्तकं येतील रे?" काकांचा राग नाही. अभ्यासिकेचा आमचा हिस्सा दर महिन्याला वेगळा जातो आणि जाईल. हे पैसे तीन वर्षांच्या आरडीचे आणि एका भिशीचे आहेत. पण हाच प्रश्न गोव्याला दरवर्षी जाणाऱ्या शेजाऱ्याला कुणी विचारत नाही, तो आपल्यालाच विचारला जातो, आणि विचारणारेही आपलेच असतात. आनंदावर पहिला हिशोब गरिबाकडून मागायचा, ही सवय आपल्यातही मुरली आहे. असो. काका हे वाचतील आणि फोन करतील.

तर, उबदार पाणी हवे होते. थंड पाण्यातले जाड सूट, जास्तीचे वजन, हे पहिल्या खेपेला नको. समोर तीन नावे आली : लाल समुद्र, मालदीव आणि थायलंडचे सिमिलन.

लाल समुद्राचा मोह एका बुडालेल्या जहाजामुळे. 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज 1941 मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाले, आणि त्याच्या पोटात अजून मोटारसायकली आणि ट्रक आहेत. आमच्यातला तो इतिहासाचा वेडा, त्याने महिनाभर याचाच जप केला. पण जहाजाचा तळ 30 मीटरच्या आसपास, आमची मुभा 18 ची. दक्षिणेकडचे ब्रदर्स, डेडलस हे खुल्या समुद्रातले खडक तर किमान 50 डाइव्ह झालेल्यांसाठी आहेत. शिवाय हिवाळ्यात तिथले पाणी 22 अंशांपर्यंत उतरते. जप थांबला.

मालदीववर भांडण खरे झाले. नकाशावर मालदीव शांत निळे ठिपके दिसतात. प्रत्यक्षात ती प्रवाळांची कडी आहेत, आणि कड्यांमधल्या खिंडींतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर धावते. शार्क आणि मांटा दिसतात ते या धावत्या पाण्यामुळेच. तेव्हा 'तिथे प्रवाह जोरात असतो, पण मासे छान दिसतात' हे वाक्यच चुकीचे आहे. प्रवाह आहे म्हणून मासे आहेत, एक घेतले की दुसरे आलेच. तिला मांटा पाहायचे होते. त्याला प्रवाहाची भीती वाटत होती आणि ती कबूल करायची नव्हती, म्हणून तो विमानाच्या तिकिटांवर वाद घालत राहिला. तीन आठवडे! शेवटी एका रात्री बोलला, की नेत्राणीला प्रवाहात सापडलो तेव्हा माझी हवा वीस मिनिटांत अर्ध्याहून खाली आली होती आणि मी तुला सांगितले नाही.

हे नवख्यांनी समजून घ्यावे असे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. 10 मीटरवर तो दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट. सिलिंडरमधून घेतलेला प्रत्येक श्वास त्या दाबाने भरलेला असतो, म्हणजे 20 मीटरवर तेवढीच हवा एक तृतीयांश वेळ पुरते. त्यात प्रवाहाशी झगडलो, धाप लागली, की उरलेला हिशोबही कोसळतो. भीती लपवणारा जोडीदार पाण्याखाली धोकादायक असतो, स्वतःला आणि दुसऱ्यालाही. त्या रात्रीनंतर मालदीव 'पुढच्या वेळी'च्या यादीत गेले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघांना नीट झोप लागली.

राहिले सिमिलन. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अंदमान समुद्रात, नऊ बेटांचा हा समूह. नावातच नऊ आहे, मलय भाषेत सेंबिलान म्हणजे नऊ. राष्ट्रीय उद्यान 15 ऑक्टोबर ते 15 मे एवढेच खुले असते, बाकी पावसाळा. पाणी 27 ते 30 अंश. मुंबईहून फुकेत, तिथून मोटारीने खाओ लाक, आणि तिथल्या धक्क्यावरून नाव. बेटांच्या पूर्वेला प्रवाळांचे सौम्य उतार आहेत, पश्चिमेला ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे. बहुतेक नावा आधी सोप्या जागांवर नेतात, मग उत्तरेला को बोन, को ताचाई आणि शेवटी रिशल्यू रॉक. म्हणजे अवघड जागा येईपर्यंत पाच-सहा डाइव्ह अंगात मुरलेल्या असतात. को ताचाईलाही प्रवाह असतो, हे कुणी लपवू नये. पण एखादी डाइव्ह सोडून डेकवर चहा पीत बसता येते. तसे बसणार, हे आम्ही आधीच ठरवले आहे, म्हणजे तिथे लाजायला नको.

चार दिवसांत चौदा डाइव्ह असे जाहिरातीत असते. हा आकडा बघून हुरळू नये. प्रत्येक डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन मुरतो आणि तो पूर्ण निघायच्या आत आपण पुन्हा उतरतो. म्हणून डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येकाचा स्वतःचा हवा, दोघांत एक चालत नाही. 32 टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स मिश्रण वापरले तर नायट्रोजन कमी मुरतो, त्याचा छोटा अभ्यासक्रम आहे, पण त्या मिश्रणाने साधारण 33 मीटरच्या खाली जायचे नाही. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचे नाही. हे विसरून परतीचे तिकीट काढणारे लोक आहेत. आम्हीही काढणारच होतो. खाओ लाकच्या एका रात्रीचा खर्च तेव्हा बजेटमध्ये घातला. डाइव्हिंगचा वेगळा विमाही घातला, कारण साध्या प्रवासविम्यात हे बहुधा धरलेले नसते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. समुद्र ठरला, पण नाव?

2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' या डाइव्हिंगच्या नावेला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेली 34 माणसे मेली. वर झोपलेले कर्मचारी वाचले. रात्री फिरता पहारा नव्हता, सगळे झोपेत होते. आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या खऱ्या, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या, आणि तीच खोली पेटली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये लाल समुद्रात 'सी स्टोरी' नाव पहाटेच्या अंधारात उलटली. माणसे मेली, आणि काही जण उलट्या नावेच्या केबिनमध्ये दिवसाहून अधिक काळ अडकून जिवंत निघाले. हे वाचले, आणि मांटाचे फोटो बघणे आम्ही थांबवले. केबिनचे नकाशे बघू लागलो.

एका एजंटने आम्हाला चांगली सूट देऊ केली होती, माणशी जवळपास वीस हजारांची. आम्ही त्याला विचारले : रात्री जागे कोण असते? केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते? कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, तिथे रात्री कुणाचे लक्ष असते? नावेवर ऑक्सिजन किती? प्रवाहात वाहून गेलेल्याला शोधायला छोटी बोट आहे का? आणि कर्मचारी कुठे झोपतात?

तो हसला. म्हणाला, "मॅडम, इतकी भीती असेल तर रिसॉर्टवर राहा ना. आमचे क्लायंट असं काही विचारत नाहीत."

दोन मिनिटे आम्ही दोघेही गप्प. खरे सांगायचे तर लाज वाटली. पदव्युत्तर वर्गात बोर्द्यूचे सांस्कृतिक भांडवल शिकलो, परीक्षेत त्यावर चांगले गुणही घेतले, आणि फोनवरच्या एका हसण्याने वाटले, की आपल्याला या जगाचे रीतिरिवाज माहीत नाहीत, आपण गावंढळासारखे काहीतरी विचारले. जे 'त्या जगातले' आहेत ते विचारत नाहीत, कारण सगळे ठीकच असणार असे ते गृहीत धरतात. आपल्याला असे गृहीत धरायची सवय कधी नव्हतीच, आणि या बाबतीत ते बरेच आहे. सूट सोडली. भरलेले टोकनचे पाच हजारही गेले.

पुढच्या नावेच्या कार्यालयाने उत्तर द्यायला चार दिवस घेतले, पण दिले. रात्री दोन माणसे पाळीने जागी असतात, चार्जिंग मागच्या उघड्या डेकवर होते आणि रात्री दहाला बंद होते, खालच्या केबिनमधून दुसरी वाट पुढच्या डेकवर निघते. सोबत फोटो पाठवले. आम्ही तरीही वरच्या मजल्यावरची केबिन घेतली, थोडी महाग. जेवण, पंखा की एसी, फोटोतले सूर्यास्त, यांवर आम्ही पाच मिनिटेही घालवली नाहीत.

कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथूनही गुळमुळीतच आले. खाओ लाकच्या भागात म्यानमारहून आलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत, सिलिंडर उचलणारे हातही बऱ्याचदा त्यांचेच. ते नावेवर कुठे आणि किती तास झोपतात, याचा संबंध आमच्या जिवाशीही आहे. थकलेला पहारेकरी पहारा देत नाही. तिथे गेल्यावर बघू आणि विचारू.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम नाकारली. काही सहलींत सुरिन बेटांवरच्या मोकेन वस्तीची भेट जोडलेली असते. मोकेन हे समुद्रावर जगत आलेले लोक. 2004 च्या त्सुनामीत समुद्र मागे हटताना पाहून ते उंचावर गेले आणि वाचले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. त्यांच्यातल्या अनेकांकडे कुठल्याच देशाचे नागरिकत्व नव्हते, हे मात्र जाहिरातीत नसते. दोन डाइव्हच्या मधल्या वेळात, ओले केस पुसत, कुणाचे घर बघायला जायचे? आमच्या वस्त्यांतही पाहुणे येतात, फोटो काढतात, पोरांना बिस्किटे देतात. ते दुसऱ्या बाजूने कसे वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या नावेच्या कार्यक्रमात ती भेट नाही, ती नाव घेतली.

निघायला सात आठवडे आहेत. सध्या फुगवायच्या नारिंगी नळीचा सराव चालू आहे. प्रवाहात वाहत गेलात तर पाण्याखालूनच ती फुगवून वर सोडायची, म्हणजे बोटीवाल्याला आपण कुठे आहोत ते दिसते. हे शांत पाण्यात वीसदा केल्याशिवाय समुद्रात जमत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही महापालिकेच्या तलावाच्या खोल टोकाला असतो. सिलिंडर न्यायला परवानगी नाही, तेव्हा श्वास रोखून खाली जातो, नळीच्या तोंडात फुंकतो, सोडतो. मागच्या रविवारी तिने सोडलेली नळी सरळ वर आली आणि डुलत उभी राहिली. त्याची दोरीत अडकली. काठावरचा रखवालदार शिट्टी मारत धावत आला.

"ओ ताई, ते भोपळे-बिपळे लहान पोरांच्या बाजूला. इकडं नाही चालत."