हवेचा ब्रेक आणि घाटाचा उतार

एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये चाक थांबवणारा जोर चालकाच्या पायातून येत नाही, टाकीत दाबून भरलेल्या हवेतून येतो. पेडल केवळ झडप उघडते. ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये (गॅरेजच्या भाषेत बूस्टरमध्ये) जाते, दांडा पुढे ढकलते आणि लायनर ड्रमला घासतात. गाडी काढण्यापूर्वीची तपासणीही याच क्रमाने, टाकीपासून चाकापर्यंत करावी.

चाकांना ठोकळे लावून आधी टाक्यांचे ड्रेन कॉक उघडावेत. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. सातारा-सांगलीत दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते. पावसाळाभर उभे असलेले ट्रक तेव्हा उसाच्या फडाकडे निघतात आणि पहिल्या दिवशी कॉकमधून बहुधा गढूळ पाणीच येते. पाण्याबरोबर तेल दिसले, तर कॉम्प्रेसर दाखवून घ्यावा.

मग कॉक बंद करून इंजिन सुरू करावे. दाब साधारण ८ बारपर्यंत चढतो आणि जादा हवा फुस्सकन बाहेर पडते. इंजिन बंद करून पेडल मिनिटभर दाबून धरावे. पहिला उतार सोडला, तर काटा त्या मिनिटात ०.२ बारपेक्षा जास्त घसरू नये. घसरलाच, तर गळती कानाने शोधावी आणि सांध्याला साबणाचे पाणी लावून खात्री करावी. पुढे पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवत न्यावी. दाब ४ ते ५ बारच्या आसपास आला की बझर वाजला पाहिजे. कर्कश वाटतो म्हणून बझरची वायर काढून टाकलेले ट्रक रस्त्यावर दिसतात. असा ट्रक घाटात नेऊच नये.

इथवरची तपासणी बरेच चालक करतात. गाडीखाली वाकायचा मात्र कंटाळा होतो, आणि खरी गोम तिथेच असते. काटा ८ वर असूनही ब्रेक लागत नाही, असे घडू शकते. पूर्ण ब्रेक दाबल्यावर चेंबरचा दांडा किती बाहेर येतो ते मोजावे. ३० क्रमांकाच्या नेहमीच्या चेंबरमध्ये तो दोन इंचांपुढे गेला, तर ॲडजस्टर ढिला आहे. ॲडजस्टर स्वयंचलित असून दांडा वारंवार लांबत असेल, तर नुसता बोल्ट फिरवून भागत नाही, बिघाड शोधावा लागतो.

हा इंच-अर्धा इंच सपाट रस्त्यावर जाणवत नाही. १६ टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ७८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. सव्वादोन लिटर डिझेल जाळल्याइतकी ही उष्णता. ती ड्रममध्ये गेली की ड्रम फुगतो, लायनरपासून दूर सरकतो आणि दांड्याला आणखी लांब जावे लागते. आधीच टोकाला आलेल्या दांड्याला मग जागाच उरत नाही. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरताना, किंवा खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे जाताना, हे फार उशिरा कळते.

शेवटी ठोकळे काढून, पार्किंग ब्रेक लावलेला असताना पहिल्या गिअरमध्ये गाडी हलकेच ओढून पाहावी. ती जागची हलता कामा नये. मग मोकळ्या जागेत सावकाश चालवून ब्रेक मारावा आणि गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे.

तपासणीत सारे ठीक निघाले, तरी उताराचा भार इंजिनावर टाकावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची सवय हिशेबातही चुकीची आहे: गिअरमध्ये पाय उचललेला असताना नवी कॉमन-रेल इंजिने डिझेल तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहते.