भैय्या चौकातला सर्जन

"मामा, कोटणीसांनी सर्जरीचं पुस्तक लिहिलंय. चिनी भाषेत!"

"काय सांगतोस!" मी भैय्या चौकात इतक्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवून पाहिलं. जन्म सोलापुरात गेला, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या या घरावरून हजारदा गेलो असेन. माझी पुंजी काय? १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांतले हे एक. तिथंच वारले. शांतारामबापूंनी सिनेमा काढला. संपलं!

भाचा सर्जरीत पीजी करतो. त्याच्या मते सर्जरीचा पाया चारच गोष्टींचा: सूज, जंतुसंसर्ग, इजा आणि गाठ. बाकीचं नंतर. पायाच्या या गोष्टी चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवणारा आपला सोलापूरकर! तिथं जाऊन भाषा शिकला, तीत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं आणि लढाईच्या दिवसांत सलग ७२ तास शस्त्रक्रियाही केल्या. मला एक रात्र जागरण झालं तर दोन दिवस डोकं धरतं.

मग भाच्यानं बेथ्यूनची गोष्ट सांगितली आणि अंगावर काटा आला. नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन. चीनमध्येच शस्त्रक्रिया करताना त्याचं बोट कापलं. एवढंसं! पण तिथून जंतू रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९मध्ये तो गेला. पेनिसिलिन तेव्हा हाताशी नव्हतंच. १९४१मध्ये त्याच्याच नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले कोटणीस.

"मग पेनिसिलिनशिवाय जखमा बऱ्या कशा करायच्या रे?"

भाच्यानं माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर नखानं रेघ ओढली. "ही गोळीची जखम. आतलं काळवंडलेलं, मेलेलं मांस आधी कापून काढायचं. कापल्यावर रक्त आलं, चिमटा लावल्यावर स्नायू आखडला, की समजायचं जिवंत भाग लागला. आणि लगेच टाके घालायचे नाहीत! उघडीच ठेवायची. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवायची."

उघडी ठेवायची! मी आयुष्यभर समजत होतो, जखम दिसली की शिवून टाकावी. घाण आत कोंडली तर ती आतल्या आत सडते म्हणे. आमच्या आजीचं गळवाबाबतही हेच मत होतं, पण तिचं ऐकतो कोण!

घरी परत जाताना भाचा म्हणाला, कोटणीसांनी दुसरंही पुस्तक लिहायला घेतलं होतं. ते अर्धंच राहिलं. ९ डिसेंबर १९४२ला फेफऱ्यानं ते गेले, वय अवघं ३२. मुलगा तीन-साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

ते पहिलं पुस्तक मला वाचायचंय. सोलापुरात चिनी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा. चहा माझ्याकडून, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीही.