रंगाखालची फ्रेम

पुणे

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

जुन्या पोलादी फ्रेमचे वय हा तिचा दोष नसतो. पोलादाची ताण सोसण्याची एक मर्यादा असते आणि त्या मर्यादेच्या आत राहणारा ताण लाखो वेळा आला तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. म्हणून कोरड्या जागी राहिलेली, कुठे न आदळलेली साठ-सत्तर वर्षांची सायकल निर्धास्तपणे चालवता येते, आणि पाच वर्षांची एखादी भंगारात द्यावी लागते. फ्रेम निकामी होते ती धडकेने, गंजाने किंवा झाळकाम कच्चे राहिल्याने. तपासायचे ते एवढेच.

या तिन्हींचा पहिला पुरावा जुना रंग देतो. नळी वाकली की रंगाला बारीक आडव्या रेघा पडतात. आत चीर असेल तर तिच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतो आणि गंज असेल तिथे रंग फुगून पोपडे सुटतात. त्यामुळे खरेदीआधी कोणी हौसेने रंग घासून काढला, तर तपासणीचे अर्धे साधन हातचे जाते. पोपडे आलेल्या मूळ रंगातल्या फ्रेमपेक्षा ताजे पावडर कोटिंग केलेली, चकचकीत फ्रेम जास्त संशयास्पद समजावी. अशा फ्रेमवर लहान लोहचुंबक सावकाश फिरवावा. खड्डा लांबी भरून लपवला असेल, तर तिथे चुंबकाची पकड एकदम सैल पडते.

सर्वांत जास्त वेळ फ्रेमच्या पुढच्या भागाला द्यावा. सायकल भिंतीवर किंवा खड्ड्यात आदळते तेव्हा चाक मागे ढकलले जाते आणि चिमटा एखाद्या लांब तरफेसारखा पुढच्या उभ्या नळीचे खालचे टोक मागे रेटतो. त्या नळीला जोडलेली वरची दांडी आणि खालची तिरकी नळी दोन्ही वाकू पाहतात. दोघींची खालची बाजू दाबली जाते आणि तिथे सुरकुती किंवा फुगवटा येतो. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही, बोटांना कळतो. डोळे मिटून अंगठा तिरक्या नळीच्या खालून, लगच्या (नळ्या जिथे जोडल्या जातात त्या बाहीच्या) कडेपासून वीतभर मागे न्यावा. चांगली नळी सलग लागते. कुठे अंगठा किंचित उचलला गेला, तर तिथे पट्टी उभी धरून पाहावी आणि पट्टीखालून उजेड येतो का ते बघावे.

फुगवटा नेमका कुठे शोधायचा हे नळीच्या जातीवर ठरते. साध्या रोडस्टरची नळी सगळीकडे सारख्या जाडीची, एक मिलिमीटरहून जाड असते. ती लगच्या लगोलग मागे दबते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट 1897 मध्ये घेतले. त्यांची 1935 पासूनची प्रसिद्ध ‘531’ ही मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी मधल्या भागात जेमतेम 0.6 मिलिमीटर जाडीची असू शकते. अशी नळी लगपासून काही सेंटिमीटर मागे, जाडी उतरते त्या जागी दुमडते. लगची कड ठीक आहे एवढ्यावर समाधान मानणारा माणूस इथेच फसतो.

चिमटा बाजूने पाहावा. पुढच्या उभ्या नळीची रेघ चिमट्याच्या पायांच्या सरळ भागातून तशीच खाली उतरली पाहिजे. पाय त्या रेघेच्या मागे गेले असतील तर धडक बसलेली आहे. मग चिमटा बाहेर काढावाच. त्याच्या माथ्याच्या लगेच वर, जिथे खालची बेअरिंग बसते, तिथे केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर तो चिमटा पुन्हा वापरू नये. फ्रेमचा इतर भाग इशारा देऊन मोडतो, चिमटा बहुधा देत नाही.

चीर असल्याचा संशय आला तर जुन्या वर्कशॉपमधली युक्ती कामाची आहे. जागा स्वच्छ करून रॉकेल लावावे, थोडा वेळ मुरू द्यावे, पूर्ण पुसून वर खडूची भुकटी चोळावी. चिरेत मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. जवळ विडी-काडी नको. लगची टोके, सीटचा बोल्ट आवळतो ती खाच, मागच्या चाकाचा आस बसतो ते पत्रे आणि साखळीच्या बाजूची खालची नळी, एवढ्या जागा यासाठी पुरतात.

गंज आतून येतो. सीटच्या खाचेतून पावसाचे पाणी नळीत उतरते आणि पॅडलच्या आसाभोवतीच्या डब्यात साचते. कोकणात खारी हवा त्यात भर घालते. सीटचा दांडा काढून विजेरीने आत पाहावे. तपकिरी भुकटी असेल तर चिंता नाही. खपल्या सुटत असतील तर आहे. डब्याच्या बाहेरून आणि मागच्या नळ्यांच्या चिखल धरणाऱ्या बगलेत दाभणाने जोर देऊन टोचावे. चांगले पोलाद दाद देत नाही. जाडी जेमतेम 0.6 असलेल्या नळीत 0.2 मिलिमीटरचा खड्डा म्हणजे तिसरा हिस्सा धातू गेला, आणि ताण त्याच खड्ड्याशी गोळा होतो. दांडा निघतच नसेल, तर तो गंजाने धरलेला आहे आणि तो सोडवताना नळी जाऊ शकते, हे किमतीत धरावे.

डब्याचे आटेही पाहावेत. नॉटिंगहॅमच्या रॅलेने इंचाला 26 आटे ठेवले, बाकीच्या इंग्रजी सायकलींना 24 असत. चुकीचा कप जोर लावून बसवलेला असेल तर आटे खरवडलेले सापडतात.

राहिला सरळपणा. मागचे चाक काढून एका बाजूच्या पत्र्याला दोरी बांधावी, ती पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पत्र्यापर्यंत ताणून आणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. एक-दोन मिलिमीटरचा फरक कारखान्यातूनच येतो. त्याहून जास्त असेल तर फ्रेम वाकडी आहे, पण एवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. साध्या पोलादाच्या मागच्या नळ्या जाणकार मिस्त्री थंड अवस्थेतच सरळ करतो. सुटलेला झाळ पितळेने पुन्हा भरता येतो, मोडका पत्रा बदलता येतो. सुरकुतलेली नळी मात्र सरळ करून चालत नाही, ती बदलावीच लागते. साध्या रोडस्टरवर तो खर्च परवडत नाही. 531 च्या चांगल्या फ्रेमवर करावा.

फ्रेम या सगळ्यातून उतरली, की रंगकामानंतर आत उकळलेले जवसाचे तेल ओतावे, सगळ्या नळ्यांतून फिरेल अशी ती उलटसुलट करावी, जादा तेल निथळू द्यावे आणि आठवडाभर वाळवावी. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात.

कळावे.

तुझा,
काका