गंधाची वेस

वाटेत दोन मुंग्या भेटल्या की क्षणभर थांबतात, मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि पुढे निघून जातात. ही भेट मला फार लोभस वाटते. पण तेवढ्यात केवढा निवाडा झालेला असतो! अंगावरच्या मेणचट थराला वसाहतीचा वास असतो. तो जुळला तर ती आपली. नाही जुळला तर जात एक असूनही वैरीण.

दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली अर्जेंटिनी मुंगी इवलीशी, तपकिरी. मायदेशी शेजारच्या वसाहतीशी तिचं हाडवैर. माणसांच्या मालाबरोबर ती समुद्रापार गेली आणि मोजक्या मुंग्यांपासून वाढलेला तिचा गोतावळा बराचसा एकाच वासाचा राहिला. इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे 6,000 किलोमीटर पसरलेली तिची एक महावसाहत 2002 साली संशोधकांनी जगापुढे मांडली. तिथं कुठल्याही बिळातली मुंगी कुठल्याही बिळात घरची. पुढे जपान, कॅलिफोर्निया आणि युरोपातल्या महावसाहतींच्या मुंग्या समोरासमोर आणल्या, तर त्याही भांडल्या नाहीत. समुद्रांनी दुरावलेल्या जिवांची ही ओळख वाचून मी हरखून गेलो.

पण याच मुंगीच्या दोन महावसाहती सॅन डिएगोजवळ एकमेकींना भिडतात. तिथल्या काही किलोमीटरच्या हद्दीवर सहा महिन्यांत दीड कोटी मुंग्या मेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. घरात भांडण नाही म्हणून बळ वाढलं. त्या बळापुढे कॅलिफोर्नियातल्या मूळच्या मुंग्या हटल्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या शिंगाळ्या सरड्याचा घास गेला. आपलेपणाचं वर्तुळ रुंदावलं, तरी वैर विरलं नाही. सगळं काठावर साचलं.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या मधुघट मुंग्यांची रीत वेगळी. मुंग्यांचे अभ्यासक बर्ट हॉल्डोब्लर यांनी 1976 साली तिचं वर्णन केलं. हद्दीवरून तंटा झाला की शेकडो मुंग्या जमतात, पाय ताठ करून उंच होतात, एकमेकींभोवती फिरतात. फडातल्या पैलवानांनी नुसते शड्डू ठोकून बळ जोखावं तशा. मरतं क्वचितच कुणी. एक बाजू फारच दुबळी ठरली, तर मात्र तिच्यावर धाड पडते, राणीही मारली जाते. तोल आहे तोवरच हा संयम.

तरीही मला या मुंग्या थोर वाटतात. परक्याला परकं ओळखूनही जीव न घेण्याची एक वाट त्यांच्यापाशी आहे. आपलेपणा किती दूरवर पोहोचला, याहून त्याच्या वेशीवर परक्याचं काय होतं, यावरच त्याचं मोल ठरावं.